धाकटी टिंबाली

ज्यांच्या या मंगल कार्यालयात आमच्या बँडने निम्मं आयुष्य काढलं ते आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय राधाकृष्ण तात्या, व्यासपीठावरील मान्यवर, पारनेर आणि पंचक्रोशीतून आलेले रसिकजन, बँडमधले माझे सहकारी, पुढच्या रांगेत बसलेल्या मनकर्णावहिनी आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचा टिंबालीवाला वाल्मिक, या सर्वांना रंभाजी ट्रम्पेटवाल्याचा नमस्कार.

निरोपाच्या भाषणात चांगलंच बोलायचं असतं, असं सूत्रसंचालक वैजनाथने मला मघाशी बजावलं आहे. मी प्रयत्न करतो. पण मंडळी, ज्या माणसाने स्वतःचा निरोप समारंभ स्वतःच ठरवला, फ्लेक्सवर कोणता फोटो लावायचा तेही स्वतःच सांगितलं, आणि ज्याला आमच्यापैकी कुणीही जा म्हटलेलं नाही, त्याच्याबद्दल चांगलं काय बोलायचं? बघा, हसतोय. त्याला वाटतंय मी स्तुती करतोय. माईकवरच्या बोलण्याची त्याला नुसती गुणगुण ऐकू येते, शब्द कळत नाहीत. तेव्हा आज मला रान मोकळं आहे.

ही हार घातलेली टिंबालीची जोडी बघा. बँडमधल्या आमच्या छगनने सकाळी पुसून, सुरात लावून इथे आणून ठेवली. पितळेची दोन भांडी, वर ताणून बसवलेलं एकेक पान, खालून उघडी. वाल्मिकने घरी पहिल्यांदा आणली तेव्हा वहिनींनी वाकून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "याला बूड कुठंय? फसवलं तुमाला." टिंबालीला बूड नसतंच, हे त्यांना पटायला अख्खी लग्नसराई गेली.

ती घ्यायला पुण्याला याच्याबरोबर मीच गेलो होतो. दुकान उघडता उघडता आत शिरलो. स्टीलची दाखवली, चकचकीत, हलकी. मला पसंत. याने टिचकी मारली, कान लावला. "किरकिरतीय." दुसरी दाखवली. "ही बोलत न्हाई." दुकानदाराने चहा पाजला, पंखा लावला, शेवटी पंखा बंदही केला, तरी हा उठेना. सोयरीक जमवायलासुद्धा पाहुणे एवढा वेळ घेत नाहीत. अखेर ही पितळेची घेतली. आवाज गोल आहे म्हणाला. असेल गोल, पण उन्हातान्हात ती जड भांडी उचलायची कुणी? छगनने!

बरं, वाद्य कुठलं? तर क्यूबाचं. मोबाईलवर तिकडचे वाजवणारे ऐकून ऐकून हा शिकला. मला सांगायचा, "आपल्या नगर जिल्ह्यावानी त्यो बी उसाचा मुलूख हाय, म्हंजी वाद्य घरचंच समज." आता आपल्या पारनेरच्या माळावर ऊस किती, हे मी तुम्हाला काय सांगू?

आणि ते लावणं! मोठीला हा थोरली म्हणतो, लहानीला धाकटी. थोरलीला सा मानला, की धाकटी बरोबर मध्यमाला लागली पाहिजे. पानाचे स्क्रू किल्लीने आवळायचे, तेही ओळीने नाही, समोरासमोरचे. जीपच्या चाकाचे नट आवळतात तसे, थोडा इकडचा, थोडा तिकडचा. मग प्रत्येक स्क्रूजवळ काठीने टकटक. मग परत किल्ली. परत टकटक. नवरदेव घोड्यावर, घोडं बिथरलेलं, मारुतीला जायची वेळ टळून गेलेली, नवरदेवाचा मामा ओरडतोय, "आवो, हाय तशीच वाजवा की!" आणि हा मान वर न करता म्हणणार, "पाव्हणं, धाकटी उतरली हाय."

धाकटी उतरली हाय! हे वाक्य माझ्या स्वप्नात येतं, मंडळी. या वाक्यापायी किती पंगती खोळंबल्या, याला तात्या साक्षीदार आहेत.

एकदा छगनला वाटलं, आपण मदत करावी. छगन मूळचा हलगीवाला. हलगी उतरली की शेकोटीवर शेकायची, कातडं ताणतं, कडकडीत वाजते. त्याने तीच विद्या धाकटीवर चालवली. प्लास्टिकचं पान ते, पापडासारखं गोळा झालं. वाल्मिक एका शब्दाने चिडला नाही. त्याने ते पान घरी भिंतीला टांगलं आणि आल्यागेल्याला दाखवत बसला. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं छगन आजही म्हणतो.

हसा, हसा. पण पुढचं ऐका. गेल्या सराईत आम्ही खर्ड्याला एका वरातीत वाजवायला गेलो होतो. हा धाकटीला चढवत होता. आम्हाला ती लागलेली ऐकू येत होती, तरी हा चढवतोच आहे. "बोलतच न्हाई ही," म्हणाला. मी हात धरला, तर झटकला. भर रस्त्यात पान फाटलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं की बिघाड टिंबालीत नाही. नगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, बारीक आणि उंच आवाज ऐकू येणं कमी झालंय, यंत्र लावा, पुष्कळसं भागेल. यंत्र आलं. आणि या गृहस्थाने ते डबीत घालून कपाटात ठेवलं! का? तर म्हणे, "यंत्राच्या कानानं लावलेली टिंबाली माझी न्हाई." त्यापेक्षा वाजवणंच सोडतो म्हणाला.

मी समजावलं. तात्यांनी समजावलं. वहिनींनी अबोला धरून पाहिला. अरे, तू चष्मा लावून पेपर वाचतोस, तेव्हा बातमी चष्म्याची होते का? मी कवळी लावून ट्रम्पेट फुंकतो, कुणी म्हणतं का, कवळी काय झकास वाजतेय? सराई तोंडावर आली आहे. तुझ्या जागी मी कुणाला उभं करू? याचा मला राग येतो, मंडळी, फार राग येतो, कारण याच्या शेजारी उभं राहून वाजवण्याइतकं मला दुसरं काहीच आवडत नाही. आणि हा ते एका डबीत बंद करून बसलाय.

निरोप मागतोय तरी कशाचा? द्या ती काठी. ही ऐका, थोरली. आणि ही धाकटी.

काय रे वाल्मिक? तोंड का वाकडं केलंस?

थांबा जरा. परत वाजवतो. ही धाकटी.

परत केलं! पाहिलंत ना? काय म्हणताय वहिनी? जरा मोठ्याने. सकाळपासून घातलंय? यंत्र? सकाळपासून? म्हणजे फ्लेक्सपासून कवळीपर्यंत सगळं ऐकलंस, आणि वर हसत बसलास?

माईक मागतोय. घे बाबा, तुझाच समारंभ आहे.

"शेवटचं भाषन तरी नीट ऐकावं म्हनून घातलं हुतं. पर रंभाजी, तुजं ऱ्हाऊ दे. धाकटी उतरली हाय. कुनी लावली ही?"

छगन, खाली बघू नकोस. आज तुझे उपकार आहेत आमच्यावर.

अध्यक्ष महाराज, सत्कारमूर्तींनी शाल खुर्चीवर टाकली आहे आणि टिंबालीचा हार काढून वैजनाथच्या गळ्यात घातला आहे. किल्ली त्यांच्या खिशातच निघाली. वाजवणं सोडलेल्या माणसाच्या खिशात किल्ली कशाला होती, हे मी विचारत नाही. डोळ्यांना नीट दिसेनासं झालंय, तेव्हा आवरतो. तात्यांचे आभार, आपणा सर्वांचे आभार, आणि मनकर्णावहिनी, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. खोटं त्यात काही नव्हतं, फक्त ते त्याला ऐकू जायचं नव्हतं.

आणि वैजनाथ, आता निरोप द्यायचाच असेल, तर तो आत आचाऱ्यांना दे. म्हणावं, पंगतीला उशीर होईल, वाल्मिक टिंबाली लावतोय.