हिरवा दिवा

दादा : म्हणजे हे सगळं तुला त्या एआयनं सांगितलं. वा! आत्ताशी कुठे आणलं, तर लागलं घरात भांडणं लावायला.

ठमी : भांडण मी लावतेय. ते बिचारं विचारलं तेवढंच सांगतं.

दादा : आणि तू काय विचारलंस?

ठमी : आपण विकतो ती गोळ्यांची डबी वापरणाऱ्यांपैकी या आठवड्यात एकही गोळी कुणी कुणी चुकवली नाही? बस, एवढंच. गिऱ्हाइकांचे फोन मी घेते, म्हटलं शाबासकीचे निरोप पाठवावेत. तूच म्हणालास ना, कोड येत नसला तरी आता कुणीही डेटा धुंडाळा, पण माझं डोकं खाऊ नका.

दादा : मग?

ठमी : त्यात आई निघाली.

दादा : निघणारच. आई वेळेवर घेते गोळ्या.

ठमी : दादा, आई सोमवारपासून हॉस्पिटलात आहे! बीपी चढून तोंड वाकडं झालं, वाचा गेली तिची. तिथे गोळ्या नर्स देते.

दादा : डबी घरीच असेल. ओटा पुसताना तुझ्या वहिनीनं उघडली असेल. झाकण उघडलं की ‘घेतली’ अशी नोंद होतेच.

ठमी : डबी माझ्या पर्समध्ये आहे. ही घे, बघ. डॉक्टरांना दाखवायला म्हणून मीच उचलली. तेव्हापासून झाकणाला कुणाचा हात लागलेला नाही. आणि माझ्या फोनवर रोज सकाळी येतंय, ‘आईने गोळी घेतली.’

दादा : सेन्सर गेला असेल. नाहीतर ते एआय थापा मारतंय. मारतं ते, माहितीये ना? तुला यातलं ओ की ठो कळत नाही, आणि चाललीस माझी चौकशी करायला.

ठमी : थापांची शंका मलाही आली. म्हणून विचारलं, कशावरून म्हणतोस ते दाखव. तर म्हणे, या डबीचं झाकण गेला महिनाभर क्वचितच उघडलंय, पण ‘घेतली’ अशी नोंद रोज आपोआप पडते. आणि तसं फक्त या एकाच डबीला करून ठेवलंय. आता सांग, इथे कोड तुझ्याशिवाय कुणाला येतो?





दादा : हो, मीच केलं! काय करणार होतो? एक गोळी चुकली की तुझा फोन. वहिनीचा उद्धार, माझा उद्धार. आई कोपऱ्यात बसून रडायची. मला चोरासारखं वाटतं म्हणायची. तू नेलंस का तिला कधी चार दिवस आपल्या घरी? लांबून पहारा करायला काय जातंय!

ठमी : नाही नेलं. ते माझ्या मनाला खातंय, तू नको शिकवूस. पण मी तिच्या जिवाशी खेळले नाही.

दादा : मीही नाही खेळलो! मी फक्त तुझं तोंड बंद केलं. गोळ्यांचं मी बघत होतो. निघताना रोज विचारायचो, घेतलीस ना? हो म्हणायची.

ठमी : आणि ती हो का म्हणायची?

दादा : वय झालंय तिचं. विसरते.

ठमी : थांब. डबीकडे बघ. गोळीची वेळ झालीच आहे. हात लावू नकोस, नुसतं बघ.

(टेबलावरच्या डबीचा लाल दिवा विझतो आणि हिरवा लागतो. झाकण बंदच.)

दादा : दिवा... अगं, दिवासुद्धा त्या नोंदीवरच लागतो. मी तुझ्या फोनपुरताच विचार केला. हे माझ्या डोक्यातच आलं नाही, ठमे.

ठमी : आज पहाटे आईची वाचा परत आली. मी तिला काहीच विचारलं नव्हतं. आपणहून म्हणाली, ‘मी विसरते गं, पण दिवा हिरवा दिसला की कळायचं, घेतली म्हणून. दादानं केलाय ना तो.’