ओहोटी संपेपर्यंत

दीर : वहिनी, आता शेवटचं सांगतो. होडीतून उतरा. एवढं एक भगदाड बुजवलं की बांध पुरा होतो.

वहिनी : शेवटचं म्हणून किती वेळा सांगणार आहेस?

दीर : भरती लागली की इथून पाणी आत घुसेल, सगळी माती घेऊन जाईल. ओहोटी आहे तोवरच काम होतं. कळतंय का तुम्हाला?

वहिनी : मग बुजव की. मी होडीसकट आत आहेच, तेवढी माती वाचेल तुझी.

दीर : दादा, यंत्रात बसून काय बघतोस? बकेटने उचल ती होडी.

नवरा : आत माणूस आहे.

दीर : माणूस तुझाच आहे ना? समजाव तिला!

नवरा : मला यंत्र चालवायला ठेवलंयस तू. समजवायला नाही.

वहिनी : त्यांना मध्ये घेऊ नकोस. तोंड तुला आहे, तू बोल. बांध कशासाठी?

दीर : शेठचं हॉटेल होणार आहे. पोरांना कामं मिळतील. आणि तुमच्या लाडक्या कांदळवनातल्या एका झाडाला मी कुऱ्हाड लावणार नाही. कायदा मलाही कळतो.

वहिनी : कुऱ्हाड कशाला लागते? खाडीचं पाणी तोडलं की झाडं उभ्या उभ्या वाळतील. मग साहेब येऊन म्हणणार, इथे कुठे आहे जंगल? गळा दाबायचा आणि वर विचारायचं, रक्त दाखवा!

दीर : चिखल आणि डास! त्याला जंगल म्हणे.

वहिनी : त्याच चिखलातल्या खेकड्यांवर शिकलास तू. डास चावायचे ते मला.

दीर : झालं, आलीच गाडी तिथे. चार घास घातलेत ते जन्मभर ऐकायचे का मी?

वहिनी : ऐकायचे. मागच्या वादळात पलीकडच्या वस्तीची छपरं उडाली, आपलं राहिलं ते कुणामुळे? या झाडांमुळे की तुझ्या शेठमुळे?

दीर : शेठ नवं घर देतोय. स्लॅबचं.

वहिनी : शेठने तुला काळा चष्मा दिलाय, तेवढाच दिसला मला अजून.

दीर : जळतात लोक. त्यात घरचेच पुढे.

वहिनी : घरचे? आई गेली तेव्हा घरचा कुठे होता?

दीर : तो विषय काढू नका.

वहिनी : काढणार. दाराकडे डोळे लावून होती म्हातारी. फोनवर तू म्हणालास, सोबत शेठ आहेत, नंतर बोलतो. मी तिला खोटं सांगितलं, निघालाय म्हणून.

दीर : तुम्हीच आईचे कान भरलेत! मी घरात पाऊल टाकलं की तुमचं तोंड वाकडं. म्हणून येत नव्हतो मी. आणि तू कोण गं मला विचारणारी? बाहेरून आलेली!

वहिनी : आला बघा 'तू'वर. बाहेरून आले तेव्हा तुला नाकही पुसता येत नव्हतं.

दीर : बस्स! आजपासून मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही.

वहिनी : ठेवत होतास कधी?

(यंत्र बंद होतं.)

दीर : ए दादा, बंद का केलंस?

नवरा : होडी हलतेय.

दीर : मग?

नवरा : मघाशी चिखलावर टेकली होती. आता तरंगतेय. पाणी आलं.

दीर : आलं? अरे... म्हणजे हे सगळं भांडण... मला बोलण्यात अडकवून ठेवलंत?

वहिनी : उलट उत्तर दिल्याशिवाय तुला राहवत नाही. लहानपणापासूनच.

दीर : उद्या पुन्हा ओहोटी आहे. दुसरा ड्रायव्हर आणतो मी.

नवरा : आण.

वहिनी : मी इथेच असेन.

दीर : आणि ते... आईचं. तेही वेळ काढायलाच बोललात ना?

वहिनी : नाही. ते खरं होतं.