शिळं पाणी

चांदपूरच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी होत्या.

"लुत्फा, पोराचे जुलाब थांबले का गं?"

"थांबले, भाबी. डोळे पार खोल गेले होते. त्यात सासूबाई आदल्या दिवशी कालवलेलं मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी ओतून टाकू देईनात. म्हणे, झाकलेलं आहे, तेच पाज."

"अगं बाई! ते अर्ध्या दिवसात संपवायचं असतं."

"म्हणून मी गोड बोलले. म्हटलं, 'आम्मा, वाया कशाला घालवायचं? उन्हातून आलात, तुम्हीच प्या.'"

"प्यायल्या?"

"वास घेतला आणि स्वतःच ओतून टाकलं! मग मी उकळून निववलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात त्याच मापाची नवी अख्खी पुडी कालवली."

"शहाण्या झाल्या म्हणायच्या."

"कसल्या शहाण्या! आता गल्लीभर सांगतात, 'सून पोराला शिळं पाजत होती, मी होते म्हणून वाचला!'"