पट्टी न लावता

मी मूळची माजिवड्याची. वडील वॉचमन, आम्ही तिघी बहिणी, त्यात माझा हात बरा म्हणून दहावीनंतर मला आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घातलेलं, आणि मग कोलशेतला एका कंपनीत ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर म्हणजे काय, तर साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि शाईने तीच रेघ परत ओढायची, दिवसभर तेच, चुकलं की ब्लेडने हलकं खरवडायचं. पण हात असा बसलेला ना माझा, पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे, दुसऱ्या डिपार्टमेंटचे लोक बघायला यायचे, खोटं नाही सांगत. पुढे कॉम्प्युटर आले, आमची टेबलं गेली, मी आंबिवलीला सासरी घरी बसले. तन्वी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झाली, एकुलती एक. आता इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

तर तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षी सगळ्यांनाच दोन गोष्टी, ब्रँच कुठली का असेना, प्रोग्रॅमिंग आणि पट्टी-कंपास न लावता नुसत्या हाताने स्केच काढणं. मी म्हटलं चला, एक तरी आपल्या वाटणीला आलं. पण तन्वी प्रोग्रॅमिंग शिकायला माझ्या धाकट्या जावेकडे जायला लागली, रेश्माकडे, डोंबिवलीला, ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि मग काय सांगू तुम्हाला, घरात उठता बसता काकू. काकू बोलते आधी कागदावर लिही, मग टाईप कर. काकूने आज बिल्डिंगच्या लिफ्टमधून वरखाली फिरवलं आणि बोलली, तिघांनी तीन बटणं दाबली तर ही आधी कुठे थांबते ते ओळीने लिहून काढ. काकू ओरडत नाही. मी ओरडते ना! नुसता जळफळाट व्हायचा माझा, लपवून काय करू. रेश्मा वाईट नाहीये, उलट चांगलीये, म्हणूनच जास्त जळायचे मी.

स्केचच्या वहीत तन्वीच्या रेघा बघितल्या तर सगळ्या नागमोडी. वाटलं विचारेल, आई दाखव. नाही विचारलं. मीही तोंड उघडलं नाही, म्हटलं येऊ दे तिला. एका रविवारी ती डोंबिवलीला गेलेली, सोमवारी शीट द्यायची होती, मशीनचा कसला तरी पार्ट, अर्धवट काढून टेबलावर ठेवलेला, आणि मला राहवलं नाही हो. तिचं सगळं खोडलं आणि मी काढलं, दुपारभर बसून, एकेक रेघ, गोलसुद्धा हाताने. रेश्माला हरवायचं होतं मला, दुसरं काही नाही. संध्याकाळी तन्वी आली, शीटकडे बघत उभी राहिली, छान आहे बोलली, गुंडाळून ठेवली. मी खूश होऊन शिरा केला.

सोमवारी आली ती सरळ आतल्या खोलीत गेली. काय झालं, काही नाही. मंगळवारी रेश्माचा फोन, वहिनी, तन्वीने तुम्हाला सांगितलं का. म्हणजे बघा, माझ्या पोरीचं मला जावेकडून कळतंय. सरांनी शीट सगळ्या वर्गासमोर धरलेली आणि बोललेले, ही पट्टीने मारलीये, फ्रीहॅण्ड नाही, परत काढ. आणि तन्वी बोलली, हो सर, पट्टी लावली. माझं नाव नाही घेतलं. तिथेच बसून परत काढली, वाकडीतिकडी.

फोन ठेवून रडले मी. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, माझा हात सरांना पट्टी वाटला याचं आतून थोडं बरंही वाटलं. अशी मी. तन्वीला म्हटलं, चुकलं माझं. ती बोलली, आई, शिकव ना, पण माझ्या कागदाला हात लावायचा नाही. तेव्हापासून लांब बसून सांगते, मनगट नको, खांदा हलव, जिथे पोचायचंय तिथे बघ. हात शिवशिवतात, मांडीखाली दाबून बसते.

परवा लाईटबिलाच्या मागे काहीतरी काढत होती. पाऊस आला की बाल्कनीतली कपड्यांची दोरी आपोआप आत यायची, त्याची मोटर, चाकं, आणि बाजूला ओळीने लिहिलेलं, पाणी लागलं तर हे, नाही तर ते. रेघा बऱ्यापैकी सरळ. मी विचारलं, कुठे बघून काढलंस गं? कुठेच नाही, बोलली, असंच डोक्यातून.

जळले हो मी, पोटच्या पोरीवर. इतकी वर्षं रेघा ओढल्या, पण जिच्याखाली दुसऱ्याची रेघ नाही अशी माझी एक नाही. काढ बाई, म्हटलं, तू काढ, भरपूर काढ.