पाटीवरचे स्वर

हलिमा : लाकडी पाटी फडक्यात गुंडाळून नेलीत ना? मग फडक्यानंच पुसली असंल शाई. माझ्या तोंडाकडं काय बघता?

मुनाफ : फडकं कोरडं ठणठणीत हाय, हलिमा. मडमेसमोर पाटी उघडली तर नुसती अक्षरं. जेर नाय, जबर नाय, पेश नाय. स्वरांच्या खुणांबिगर ती बिचारी वाचणार कशी? तिला अरबी धरून महिना नाय झाला.

हलिमा : बिचारी.

मुनाफ : बरं, नुसती मडम म्हणतो.

हलिमा : का? तिच्या भाषेत स्वर नायत?

मुनाफ : हायत की. पण फरासीस, म्हंजे फ्रेंच लोकांचे स्वर बाकीच्या अक्षरांच्या रांगेत मांडी घालून बसतात. अरबीसारखं कोण डोक्यावर, कोण पायाशी, असं नाय.

हलिमा : रांगेत बसायला नशीब लागतं. मी सहा वर्षं पायाशीच हाय.

मुनाफ : आता ह्यात तू कुठून आलीस?

हलिमा : मी कुठंच येत नाय, तेच तर म्हणते. पळसदरीहून मडमेला शिकवून आलात की जेवताना तिचंच पुराण. तिच्या भाषेत खुर्ची बाई, टेबल पण बाई. तिच्यात सूर्य बाप्या आन चांद बाई, अरबीत नेमकं उलटं. त्यावरनं दोघं तासभर हसलात म्हणं.

मुनाफ : तासभर नाय गं. आन शेजारी तिचा भाऊ बसलेला असतो, रेल्वेचा साहेब. तिला अरबांच्या मुलखात दवाखान्यात कामाला जायचंय, तिथल्या बायकांशी बोलाया शिकते. पन्नाशीची बाई हाय ती.

हलिमा : मी तिचं वय कवा इचारलं? दोन तासांचं इचारते. रोज दोन तास देता तिला. आपला निकाह झाला तवा काय म्हणाला होता? हलिमा, तुला कुराण पुरं वाचाया शिकवीन. दोन महिने शिकवलंत. मग मशिदीत पोरं वाढली, आन माझं उद्या बसू, उद्या बसू. जळते मी. तिच्या गोऱ्या तोंडावर नाय, त्या दोन तासांवर जळते.

मुनाफ : म्हणून पाटी पुसलीस.

हलिमा : पुसली. वात भिजवून पुसली. आता काय करायचं ते करा.

(मुनाफनं पाटी दाराशी उजेडात धरली. एकेका अक्षरावरून बोट फिरवत तो शेवटच्या ओळीपर्यंत गेला. आता आपली चांगली हजामत होणार, असं हलिमाला वाटलं.)

मुनाफ : शाई सगळी एकच, काळी. तरी अक्षरांचे ठिपके जिथल्या तिथं हायत. कुणाचा खाली एक, कुणाचे वर दोन. स्वर तेवढे वेचून काढलेस. सात ओळींत एकदा पण चुकली नाय. हे दोन महिन्यांचं शिक्षण नाय, हलिमा.

हलिमा : तुमच्या पोरांच्या पाट्या रोज कोण धुतं?

मुनाफ : तू.

हलिमा : बावीस पाट्या. शाई काढाया माती लावायच्या आधी एकेक वाचून घेते. पोरानं चुकीचं लिहिलं असलं तर मनात दुरुस्त करते, मग धुते. सहा वर्षं झाली. जे वाचलं ते माझ्याच हातानं पाण्यात गेलं.

मुनाफ : मला कवा बोलली नाय.

हलिमा : तुमी ऐकाया कवा बसला?

मुनाफ : उद्यापासून पाट्या मी धुतो.

हलिमा : विहिरीवर बाया हसतील.

मुनाफ : हसू दे. तू कुराण काढून ठेव. आन मडमेला नको म्हणून सांगू का?

हलिमा : नको. तिनं माझं काय वाईट केलंय? शिकू दे तिला पण. फक्त सकाळचा पहिला सबक माझा. उरला तो तिचा.