तेरा ओळींचं सुनीत

—नाही हो सूनबाई, तसा कागद देता येत नाही कुणाला. बसा तरी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. तुमचे सासरे नऊ वर्षं या मंडळाचे सभासद होते, मान्य. आता अंथरुणाला खिळलेत, तेही कळलंय मला, वाईट वाटलं ऐकून — खरंच वाटलं. पण स्पर्धेला आलेलं सुनीत एकदा या कपाटात गेलं की गेलं. लिहिणाऱ्यालासुद्धा परत मिळत नाही, मग त्याच्या सुनेला कुठून मिळणार? नियम आहे तसा. कुणी केला म्हणजे? मीच केला. कुणीतरी करावाच लागतो.

आणि एवढा जिना चढून आलात ते त्या एका कागदासाठी? नुसतं बघायचंय म्हणता. बघायचंय म्हणजे मोजायचंय, हो ना? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं! मला कळलंय सगळं. दिवसभर पडल्या पडल्या बोटांच्या पेरांवर मोजत असतात म्हणे. तुम्ही भात भरवायला बसलात तरी एका हाताचं मोजणं चालूच. आणि विचारतात काय — तेरा होत्या की चौदा? शेवटची ओळ मी कागदावर लिहिली होती, की नुसतीच मनात म्हटली होती? बरोबर ना? मुलाला ओळखत नाहीत आणि हे मात्र डोक्यातून जात नाही. जायचं कसं, सुनीत म्हणजे चौदाच ओळी. पंधरावी चालत नाही, तेरावीवर थांबता येत नाही. आधी आठ ओळींत एक सांगायचं, मग कलाटणी द्यायची, आणि शेवटच्या दोन ओळींत गाठ मारायची. ती गाठच नसली तर राहिलं काय? चिंधी.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथेच भरते आमची स्पर्धा — मैत्रीपूर्ण बरं का, पत्रिकेवर छापलेलंच असतं तसं. पंधरा-वीस डोकी. आता कवी म्हटल्यावर मैत्री किती आणि पूर्ण किती ते तुम्हीच समजा. लोक अक्षर ओळखायचे आणि ज्याच्याशी वाकडं त्याच्या नावानं नाक मुरडायचे. म्हणून मी पद्धत घालून दिली — सगळी सुनीतं एकाच हातानं उतरवून काढायची, नाव गाळून, आणि एकाच माणसानं वाचायची. तो माणूस मी, मंडळाचा सचिव. हो, माझंही सुनीत असायचं त्यात, का नसावं? चिठ्ठ्या बाकीचे टाकायचे. आणि माझ्यावर विश्वास का, तर एकतीस वर्षं नक्कल खात्यात काढलीत मी. निकालांच्या नकला, हुकुमांच्या नकला. एक काना इकडचा तिकडे झाला नाही कधी. आमचे साहेब म्हणायचे, नक्कल तुमच्या हातची असेल तर मूळ कागद बघायचं कारण नाही. निवृत्त झालो त्या दिवशी भाषणात म्हणाले ते, चारचौघांत.

तुमच्या सासऱ्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, टेलरमास्तर. पहिली आठ वर्षं काय लिहायचे — रागावू नका — काय लिहायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक. एकदा ‘आभाळ’ला यमक म्हणून ‘गाभाळ’ घातलं. आता गाभाळ म्हणजे काय? मी भर सभेत विचारलं. म्हणाले, अर्थ नाही ठाऊक, पण बसतं बरोबर. पुढचे सहा महिने आम्ही एकमेकांना म्हणत होतो, आज गाभाळ भरून आलंय, छत्री घ्या. त्यांच्यासमोरसुद्धा. तेही हसायचे. मोठ्या मनाचे असतील, नाहीतर कळत नसेल. दर महिन्याला त्यांना उत्तेजनार्थ म्हणून एक फूल द्यायचो, म्हणजे येत राहतील. ते ठरवूनच हो. असा एक लागतो प्रत्येक मंडळात — तो खाली बसला की बाकीचे आपोआप उंच दिसतात. ते फूल घरी नेऊन बायकोला द्यायचे म्हणे. हे मला नंतर कळलं. तुम्ही तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आला असाल, तुम्हाला जास्त ठाऊक.

मग सासूबाई तुमच्या आजारी पडल्या. दोन-तीन महिने मास्तर आलेच नाहीत. आले ते एकदम वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेला, आणि त्या स्पर्धेची गोष्ट निराळी असते. तीत जो पहिला, त्याच्याकडे वर्षभर ढाल. लागोपाठ तीनदा जिंकली तर ढाल कायमची त्याची. मी दोनदा जिंकलो होतो. माझ्या घरात खिळासुद्धा ठोकून ठेवला होता भिंतीवर — हसू नका. आमची ही मला जन्मभर म्हणायची, तुम्ही दुसऱ्यांचं लिहिलेलंच लिहून काढणार. तिला दाखवायचं होतं. असो. तर मास्तरांनी कागद दिला, घडी घातलेला, मापं लिहायच्या वहीतला, आणि मी इथे या टेबलापाशी उतरवायला बसलो. म्हटलं, बघू यंदा कुठलं गाभाळ आलंय. चार ओळी उतरवल्या आणि पेन खाली ठेवलं. मूळ कागद पुन्हा वाचला. परत वाचला. आजारी बायकोचं माप घेतो शिंपी, एवढंच होतं त्यात. दर महिन्याला टेप एक बोट जास्त उरते, आणि तो तिला खोटंच सांगतो की तेवढंच आहे गं. मला वाटलं, उचललं असेल कुठून तरी. पण उचलायला ते आधी कुणाकडे असायला नको का? आमच्यात कुणाकडे होतं तसलं? मी एकतीस वर्षं कागद वाचलेत सूनबाई, खरा कुठला ते मला बघता क्षणी कळतं.

राग आला मला. खोटं कशाला बोलू, रागच आला. आम्ही वृत्त घोकत म्हातारे झालो आणि हा काजं-बटणं करणारा माणूस —

तर वाचन झालं. त्यांचं वाचलं तेव्हा दोघा-तिघांनी रुमाल काढले. दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत आमच्यात एक, त्या तर चष्मा काढून बसल्या. त्यांनीच मोजल्या मग, त्यांना सवय आहे मोजायची. म्हणाल्या, अहो, या तेराच झाल्या. मी म्हटलं, बघतो — आणि पाहिलं, आणि म्हटलं, हो, तेराच आहेत. आता नाव सांगायचं नसतं, पण माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, चौदा वारांचं कापड घेतलं आणि तेरा वारांचं शिवलं, मधला एक वार शिंप्यानं खाल्ला! खोली अशी हसली म्हणता — डॉक्टरीणबाईसुद्धा. जे हेलावले होते ते सगळ्यांत मोठ्यानं हसले. मास्तर उभे राहिले. म्हणाले, शेवटची ओळ आहे, मी लिहिली होती. मी म्हटलं, आत्ता सुचली का मास्तर? पुन्हा हशा. ते ओळ म्हणायला गेले तर आवाजच फुटेना. मग उभ्या उभ्या बोटांवर मोजायला लागले. तेव्हापासून मोजतायत म्हणायचे. सुनीत बाद झालं. ढाल मला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले होते, इथे, तुम्ही बसलात तिथेच. बायको विचारतेय म्हणाले. आधी तिला म्हणून दाखवलं होतं ना, तर ती म्हणते, तुम्ही शेवटची ओळ लिहायला विसरलाच असाल, तुम्ही असेच. एकदा कागद बघू द्या, तिला जाऊन सांगतो. मी म्हटलं, मूळ कागद दाखवत नाहीत, नियम आहे. कधीपासून, म्हणाले. म्हटलं, आहे. — म्हणजे तसा त्याच सकाळी झाला नियम, पण आहे ना आता? मग चार दिवसांनी गेल्याच त्या. मी आलो होतो तेव्हा घरी, पांढरा सदरा घालून. मास्तरांनीच शिवलेला.

काय? नाही, तसं नाही. मुद्दाम कोण करील? चूक होते हो माणसाच्या हातून. नकलेत होते अशी चूक, आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे — लागोपाठच्या दोन ओळी एकाच अक्षरावर संपत असल्या की नजर घसरते, वाटतं उतरवून झालं. यांच्या शेवटच्या दोन्ही ‘ले’वर संपतात. ‘आता मोजुन पाहतो दिवस मी, हाती किती राहिले’ — ही तेरावी. आणि लगेच खाली ‘सारे गाव शिवून मी विसरलो, माझ्या घरी फाटले’. राहिले, फाटले. घसरणारच की नजर.

…

पाठ आहे म्हणजे — सहा वर्षांत कधीतरी नजरेखालून गेली असेल. कपाट झाडताना. तुम्ही अशा बघू नका माझ्याकडे. हो, होती कागदावर. त्यांच्याच अक्षरात, खाली सहीसुद्धा. मग? आता ते कुणाला सांगून काय मिळणार? सासूबाई परत येणार आहेत? मंडळाच्या सभेत सांगू म्हणता — सांगा. एकतीस वर्षं माझ्या नकलेवर शिक्का मारलाय सरकारनं. तुमचं कोण ऐकेल? आणि कागद, तो काही सापडायचा नाही आता. वाळवी लागली होती या कपाटाला, बरंच फेकून द्यावं लागलं. कधी? लागली होती म्हटलं ना. नसली तर लागेल.

उठा. मला खुर्च्या मांडायच्यात, चारला मंडळी येतील. आणि घरी जाऊन त्यांच्या कानात काहीबाही सांगू नका. मी ओळ म्हणून दाखवली, अमुक केलं, तमुक केलं — त्यांना आता पेलायचं नाही ते. सरळ सांगा, सचिवांनी कपाट उघडलं, मूळ कागद काढला, माझ्यासमोर ओळी मोजल्या. तेराच होत्या. म्हणजे मोजणं तरी थांबेल बिचाऱ्यांचं.

या.