डावी बाही उजवीकडे

ताई : आणि हा शर्ट कुणी शिवला?

धाकटी : तूच की, काल. झकास जमलाय.

ताई : मी तर डावी बाही उजवीकडे लावली होती. मुद्दाम.

धाकटी : मुद्दाम?

ताई : म्हटलं, बाईसाहेब काय करतात बघू. तू गुपचूप उसवलीस, नीट लावलीस आणि वर सकाळी मलाच म्हणालीस, "ताई, हात काय बसलाय तुझा!"

धाकटी : अगं, केमोनं बोटं बधिर होतात तुझी. त्यात आणखी मी कशाला बोलू?

ताई : वीस वर्षं या दुकानात माझ्या एकेका टाक्यावरून डोकं खाल्लंस. कॅन्सर निघाल्यापासून नुसतं गोड गोड. गिऱ्हाइकंसुद्धा कुजबुजत माप देतात. जसं काही इथं कुणाचं बाळ झोपलंय!

धाकटी : बाळ? घोरतेस केवढी!

ताई : हां, ही माझी बहीण! मग आता खरं सांग. परवा डॉक्टरांनी तुला एकटीला आत बोलावलं. बाहेर येऊन म्हणालीस, "उत्तम चाललंय." तेही असंच उसवून, नवं शिवून आणलं होतंस ना?

(धाकटीचं मशीन थांबतं.)

धाकटी : गाठ लहान झालीये. आईशप्पथ. पण त्यांना वाटलं होतं तेवढी नाही. अजून तीन केमो घ्यायला सांगितलेत.

ताई : तीन.

धाकटी : तुझ्यासमोर तोंडच उघडेना गं.

ताई : वेडे, मी मनात याहून कितीतरी वाईट धरून बसले होते. आणि बोलणार कुणाशी? मी सुरुवात केली की तुझं ठरलेलं, "होईल सगळं छान."

धाकटी : भीती वाटते तुला?

ताई : खूप. तुला?

धाकटी : तुझ्यापेक्षा जास्त.

ताई : यातही माझ्यावर कडी करायची आहे का!

धाकटी : बुधवारी दोघी आत जाऊ. डॉक्टर सांगतील ते दोघींना सांगतील.

ताई : ठरलं. आता ही कॉलर बघ. आत्ताच लावलीये. कशी झाली?

धाकटी : छा... वाकडी आहे. एक टोक वर, एक खाली. उसव.

ताई : दे ती कात्री. किती दिवसांनी बोललीस माझ्याशी.